लाईट गेल्यावर घरातला फायर अलार्म किती तास जागा राहतो? बॅटरीचं गणित सोप्या भाषेत

३ एप्रिल २०२४. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी परिसरात पहाटेच्या वेळी तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातल्या सात जणांचा यात मृत्यू झाला. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच धूर पोहोचला होता.

घरातल्या आगीत बहुतेक वेळा असंच घडतं. माणूस भाजण्याआधी गुदमरतो. झोपेत असताना धुराच्या वासाने जाग येईल, हा समज चुकीचा आहे. झोपेत आपलं नाक जवळपास बंदच असतं. कान मात्र चालू असतो. म्हणूनच धूर ओळखून मोठ्याने वाजणारा अलार्म जीव वाचवू शकतो.

अमरावती आणि अकोल्यात आता अनेक जण नवीन बंगला, रो-हाऊस किंवा दुकानावरचं घर बांधताना कॅमेऱ्यांसोबत फायर अलार्मही बसवून घेतात. पण तो बसवताना एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. लाईन गेली तर हा अलार्म किती तास चालणार?

उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "आत बॅटरी आहे ना, काही टेन्शन नाही." टेन्शन आहे की नाही, हे त्या बॅटरीच्या आकारावर ठरतं. आणि तो आकार काढायला पाचवीतलं गुणाकाराचं गणित पुरतं.

आग आणि लाईट जाणं, यांचा संबंध काय?

शॉर्ट सर्किट झालं की एमसीबी पडतो आणि घराची लाईट जाते. म्हणजे अलार्मची खरी गरज असते, नेमक्या त्याच क्षणी त्याचा मुख्य वीजपुरवठा बंद झालेला असू शकतो. आग मोठी असेल तर वायरिंग जळतं. अग्निशमन दल आलं की सुरक्षेसाठी परिसराची वीज तोडली जाते.

वऱ्हाडात याच्या जोडीला हवामान आहे. मे-जूनच्या वादळात झाडं तारांवर पडतात, खांब वाकतात. शहरात काही तास आणि खेड्यात कधी कधी पुढचा अख्खा दिवस लाईटचा पत्ता नसतो. अशा वेळी घरात मेणबत्त्या, दिवे, गॅस शेगडीचा उजेड, जुना इन्व्हर्टर असं सगळं सुरू असतं. आगीची शक्यता वाढते आणि अलार्म मात्र फक्त बॅटरीच्या भरवशावर असतो.

आग लागल्याचं किती लवकर कळतं, यावर काय अवलंबून असतं हे विदर्भाने जवळून पाहिलंय. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि १० बाळांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात, म्हणजे डफरीनमध्येही नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि बाळांना तातडीने दुसरीकडे हलवावं लागलं. रुग्णालयात निदान रात्री कोणीतरी जागं असतं. घरात सगळेच झोपलेले असतात.

बॅटरी म्हणजे घरची पाण्याची टाकी

अकोल्यातल्या माणसाला बॅटरीचं गणित समजावणं सोपं आहे, कारण तो हेच गणित पाण्यासाठी रोज करतो. नळ काही दिवसांआड येतो. त्यामुळे घर बांधताना टाकी किती मोठी घ्यायची, हे ठरवायला तो चार प्रश्न विचारतो. रोज किती पाणी लागतं? नळ किती दिवसांनी येतो? मधेच पाहुणे आले तर किती जास्त लागेल? आणि टाकी जुनी झाली, तळाशी गाळ बसला, तर खरं किती पाणी मिळेल?

बॅटरीचंही तसंच असतं.

टाकीचं माप लिटरमध्ये असतं, तसं बॅटरीचं माप अँपिअर-तासात असतं. बॅटरीवर ते 'एएच' असं लिहिलेलं असतं. ७ एएच म्हणजे ढोबळमानाने ०.३५ अँपिअर करंट २० तास मिळणं. लहान बॅटरीचं हे माप सहसा २० तासांच्या संथ वापरावर ठरवतात. त्याच बॅटरीतून एकदम ७ अँपिअर ओढले, तर ती पूर्ण एक तास टिकत नाही. त्याच्या बरीच आधी मान टाकते.

गणित कसं करायचं?

फायर अलार्मचे दोन मूड असतात.

पहिला, पहाऱ्याचा. आग नाही, सगळं शांत आहे, पॅनल फक्त डिटेक्टरवर लक्ष ठेवून आहे. इथे करंट कमी लागतो, पण तास खूप असतात.

दुसरा, बोंब मारण्याचा. धूर दिसला, हूटर वाजतायत, डायलर घरमालकाला फोन लावतोय. इथे करंट जास्त लागतो, पण वेळ मिनिटांत मोजायचा असतो.

दोन्हींचा वापर काढायचा, बेरीज करायची आणि त्यावर थोडी भर घालायची. सूत्र एवढंच आहे:

पहाऱ्याचा करंट × तास + अलार्मचा करंट × तास = लागणारे एएच. त्याला १.२५ ने गुणायचं.

हा १.२५ कुठून आला? बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की ती बदलायची, असा साधारण नियम आहे. म्हणजे बदलायला आलेल्या बॅटरीनेही काम पूर्ण करायला हवं असेल, तर सुरुवातीलाच तेवढी मोठी घ्यावी लागते. १०० भागिले ८० म्हणजे १.२५.

आता तास किती धरायचे? वेगवेगळ्या देशांत यासाठी मानकं आहेत. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या मानकात २४ तास पहारा आणि त्यानंतर साध्या हूटरच्या यंत्रणेसाठी ५ मिनिटं अलार्म, असा किमान हिशेब आहे. घरगुती यंत्रणेसाठी तो २४ तास आणि ४ मिनिटं आहे. ब्रिटनच्या मानकात मोठ्या इमारतींसाठी २४ तास पहारा आणि ३० मिनिटं अलार्म धरतात. तिथल्या घरगुती अलार्मसाठी राखीव वीज ७२ तास पुरेल अशी अपेक्षा असते. भारतात फायर अलार्मच्या निवडीसाठी आणि उभारणीसाठी आयएस २१८९ ही संहिता आहे. बसवणाऱ्याने तिचा आधार घेतलाय का, हे विचारायला हरकत नाही.

एका घराचा हिशेब करून पाहू

समजा, अमरावतीत एक दोन मजली घर आहे. पॅनल २४ व्होल्टचं आहे. आठ स्मोक डिटेक्टर, तीन हूटर आणि मोबाईलवर कॉल करणारा एक डायलर आहे. प्रत्येक वस्तूच्या माहितीपत्रकात ती किती करंट घेते हे दिलेलं असतं. इथे सोयीसाठी गोल आकडे घेऊ.

शांत असताना पॅनल ६० मिलिअँपिअर घेतो आणि डायलर ४०. आठ डिटेक्टर मिळून एक मिलिअँपिअरही घेत नाहीत. बेरीज साधारण १०० मिलिअँपिअर, म्हणजे ०.१ अँपिअर.

अलार्म वाजताना पॅनल १००, डायलर २०० आणि तीन हूटर प्रत्येकी १०० घेतात. बेरीज ६०० मिलिअँपिअर, म्हणजे ०.६ अँपिअर.

२४ तास पहाऱ्याचे ०.१ × २४ = २.४ एएच.
अर्धा तास अलार्मचे ०.६ × ०.५ = ०.३ एएच.
एकूण २.७. त्याला १.२५ ने गुणलं की साधारण ३.४ एएच.

बाजारात सहज मिळणारी ७ एएच बॅटरी इथे आरामात चालते.

आता हेच घर शहराबाहेर, लाईन दोन-दोन दिवस जाणाऱ्या भागात आहे असं समजा. ४८ तासांचे ४.८ आणि अलार्मचे ०.३ मिळून ५.१ होतात. १.२५ ने गुणल्यावर ६.४. म्हणजे ७ एएच जेमतेम पुरते. ७२ तास हवे असतील तर ७.५ गुणिले १.२५, म्हणजे ९.४ एएच. इथे ७ ची बॅटरी नापास. पुढचं माप, म्हणजे १२ एएच घ्यावं लागेल.

या हिशेबात एक गोष्ट लक्षात येते. बॅटरी रिकामी करण्यात हूटरचा वाटा फार छोटा आहे. खरा खर्च शांतपणे चाललेल्या पहाऱ्याचा आहे. "आमच्या पॅनलचा हूटर वाजवून बघितला, मस्त वाजला," एवढ्यावर बॅटरी चांगली आहे असं म्हणता येत नाही. रिकामी होत आलेली बॅटरीही हूटर मिनिटभर वाजवू शकते.

नेहमी होणाऱ्या चार चुका

पहिली: दोन बॅटऱ्या म्हणजे दुप्पट एएच. २४ व्होल्टच्या पॅनलमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. अशा जोडणीत व्होल्टेज दुप्पट होतं, एएच तेवढंच राहतं. ७ एएचच्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट ७ एएच होतात, १४ एएच नाही. आणि त्यातली एक खराब झाली की दुसरीही निकामी. म्हणून बदलताना दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, एकाच तारखेच्या घ्यायच्या.

दुसरी: फुकटची वीज समजून इतर वस्तू जोडणं. "पॅनलमध्ये बॅटरी आहेच, तर राउटर आणि कॅमेराही त्यावरच टाकू." समजा, या दोन्हींनी मिळून अर्धा अँपिअर घेतला. पहाऱ्याचा करंट ०.१ वरून थेट ०.६ होतो. २४ तासांचे १४.४ एएच होतात. अलार्मचा वाटा आणि १.२५ ची भर धरली की साधारण १८.५. सात एएचची बॅटरी तर कागदावरही १२ तास पुरत नाही. राउटरला वेगळा छोटा पॉवर बॅकअप द्यावा. अलार्मच्या बॅटरीला दुसरं काहीही जोडू नये.

तिसरी: बॅटरी मोठी, चार्जर छोटा. टाकी पाच हजार लिटरची बांधली आणि नळाची धार करंगळीएवढी असेल तर उपयोग काय? समजा, पॅनलचा चार्जर एकूण ०.३ अँपिअर देतो. त्यातले ०.१ पॅनल स्वतःच घेतो. उरलेल्या ०.२ मध्ये रिकामी १२ एएच बॅटरी भरायला किमान ६० तास लागतील. मधे पुन्हा लाईट गेली तर ती कधी भरणारच नाही. म्हणून मोठी बॅटरी टाकण्याआधी पॅनलच्या माहितीपत्रकात तो जास्तीत जास्त किती एएचपर्यंत चार्ज करू शकतो ते बघावं. रिकामी बॅटरी सुमारे २४ तासांत बऱ्यापैकी भरायला हवी.

चौथी: गावाला जाताना मेन स्विच बंद करणं. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीत घर बंद करून निघताना अनेक जण मेन स्विच पाडतात. सुरक्षेसाठी ही सवय चांगली आहे. पण अलार्मही त्याच स्विचवर असेल तर तो त्या क्षणापासून बॅटरीवर जातो. आपल्या उदाहरणातल्या घरात १५ दिवसांचा पहारा म्हणजे ०.१ × २४ × १५ = ३६ एएच. सात एएचची बॅटरी नवी असली तरी तिसऱ्या दिवशी संपेल. वर ती पूर्ण रिकामी होऊन पडून राहिली तर कायमची खराबही होईल. उपाय सोपा आहे. इलेक्ट्रिशियनला सांगून पॅनलसाठी वेगळा एमसीबी घ्यायचा, त्यावर 'फायर अलार्म, बंद करू नये' असं लिहायचं आणि बाकी घर बंद केलं तरी तो चालू ठेवायचा.

इन्व्हर्टर आहे, मग वेगळी बॅटरी कशाला?

वऱ्हाडात भारनियमनाच्या काळापासून घरोघरी इन्व्हर्टर आहेत. १५० एएचची भली मोठी बॅटरी घरात असताना अलार्मला वेगळी छोटी बॅटरी का लागावी?

कारण इन्व्हर्टरवर फक्त अलार्म नसतो. पंखे असतात, टीव्ही असतो, कधी कुलरही असतो. रात्री दोन वाजता ती बॅटरी संपली की अलार्मही संपला. दुसरं, इन्व्हर्टरच्या वायरिंगमध्येच शॉर्ट झालं तर तो ट्रिप होतो. तिसरं, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी हीच घरातली आग लागू शकणारी एक जागा आहे. ज्याच्यावर पहारा ठेवायचा, त्याच्याच भरवशावर पहारेकरी ठेवणं बरोबर नाही.

इन्व्हर्टरचा आधार जरूर घ्यावा. पॅनल इन्व्हर्टरच्या लाईनवर असेल तर आतली बॅटरी क्वचितच वापरावी लागते. पण ती आतली बॅटरी असलीच पाहिजे.

४५ अंशात बॅटरीचं काय होतं?

मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि उन्हामुळे जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केलं. माणसांना उन्हात फिरू नका असं सांगितलं जात होतं. गच्चीखालच्या माळ्यावर बसवलेल्या बॅटरीला मात्र कुठे जाता येत नाही.

पॅनलमध्ये सहसा पाणी न घालावी लागणारी सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. तिचं कंपनीने सांगितलेलं आयुष्य साधारण २५ अंश तापमानाला धरलेलं असतं. त्यावर दर ८ ते १० अंशांनी आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणजे ज्या बॅटरीवर पाच वर्षं लिहिलंय, ती कायम ३५ अंशांत राहिली तर अडीच वर्षांत थकू शकते.

यात फसवणारी गोष्ट अशी, की उष्णतेत बॅटरी तात्पुरती जोमदार वाटते. उन्हाळ्यात चाचणी घेतली तर ती पास होते. तीच बॅटरी डिसेंबरच्या थंडीत कमी पडते. म्हणून चाचणी वर्षातून एकदाच घेणार असाल तर ती हिवाळ्यात घ्या.

पॅनल गच्चीला लागून, टिनाखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीवर बसवू नये. जिन्याजवळची, सावलीतली, हवा खेळती असलेली जागा चांगली. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवावी. अकोल्या-अमरावतीच्या उन्हात दोन वर्षांनंतर तिच्याकडे संशयाने बघावं आणि तीन वर्षांनी ती बदलून टाकावी.

जास्त टिकते म्हणून लेड-ॲसिडच्या जागी लिथियम बॅटरी टाकायचा मोह होतो. दोन्हींना चार्ज करण्याची पद्धत वेगळी असते. पॅनलच्या कंपनीने परवानगी दिली नसेल तर हा बदल करू नये.

पॅनलचं बजेट नसेल तर?

दोन-तीन खोल्यांच्या घराला पॅनलची गरज नसते. छताला लावायचा स्वतंत्र स्मोक अलार्म पुरतो. धूर ओळखणं, बॅटरी आणि भोंगा हे सगळं त्या एका डबीत असतं. त्याला महावितरणच्या लाईनशी देणंघेणं नसतं.

इथेही तेच गणित चालतं, फक्त आकडे इवलेसे होतात. असा अलार्म शांत असताना सुमारे १० मायक्रोअँपिअर घेत असेल, तर दहा वर्षांत, म्हणजे ८७,६०० तासांत, त्याला जेमतेम ०.९ एएच लागतात. म्हणूनच छोट्या लिथियम सेलवर दहा वर्षं चालणारे अलार्म बनवता आले. नऊ व्होल्टच्या साध्या सेलवर चालणारे अलार्मही मिळतात. त्यांचा सेल वर्षातून एकदा बदलावा. दहा वर्षांनंतर मात्र सेल नाही, अख्खा अलार्मच बदलायचा असतो, कारण आतला सेन्सरही म्हातारा होतो.

सेल संपत आला की हा अलार्म दर मिनिटाला एकदा 'टिक' असा आवाज करतो. वैतागून लोक सेल काढून ठेवतात आणि नवीन टाकायचं राहून जातं. न वाजलेल्या अलार्ममागे अनेकदा हेच कारण आढळतं: बॅटरी संपलेली किंवा काढून ठेवलेली.

कापूस घरात साठवणाऱ्या शेतकरी कुटुंबांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कापूस आतल्या आत तासन् तास धुमसू शकतो. अशा आगीसाठी प्रकाशाच्या किरणांवर धूर ओळखणारा, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा डिटेक्टर चांगला.

आज रात्री करता येईल अशी चाचणी

घरात पॅनल असेल तर रात्री झोपताना त्याचा एमसीबी बंद करा. पॅनलवर बॅटरीचा दिवा लागला पाहिजे. सकाळी उठल्यावर टेस्टचं बटण दाबा आणि हूटर पाच मिनिटं वाजू द्या. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. हूटर वाजत असताना इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज मोजून घ्या. १२ व्होल्टची बॅटरी १०.५ वर आली की ती रिकामी समजतात. एका रात्रीतच ती त्या आकड्याच्या जवळ गेली असेल, तर तिचे दिवस भरलेत. चाचणी झाली की एमसीबी चालू करायला विसरू नका. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, ती विक्रेत्याला परत द्या. तिच्यात शिसं आणि ॲसिड असतं.

फ्लॅटमध्ये राहत असाल आणि इमारतीत अग्निसुरक्षा यंत्रणा असेल, तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ती सुस्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये दोनच प्रश्न विचारा. अलार्म पॅनलची बॅटरी कोणत्या तारखेची आहे? आणि ती किती तासांच्या हिशेबाने बसवली आहे?

एक-दोन मजली खासगी घराला सर्वसाधारणपणे अशी सक्ती नाही. तिथे तपासायला कोणी येणार नाही. हिशेब घरच्यांनीच करायचा आहे.

आणि अलार्म वाजलाच तर सामान वाचवत बसू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग १०१ किंवा ११२ वर फोन करा.